गुईलिनची ट्रिप: पाण्याच्या मागे मागे आखलेला प्लॅन

गुईलिनला जायचं म्हटलं की सगळे आधी फ्लाइट आणि हॉटेल बघायला बसतात, मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आता एकच सांगते की आधी नदीचं पाणी बघा, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागातलं हे शहर ली नदीच्या काठावर आहे आणि लोक इथे येतात ते गुईलिनपासून खालच्या यांगशुओ गावापर्यंतच्या साधारण ८३ किलोमीटरच्या नदीसाठी, दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर एकदम सरळ जमिनीतून वर आलेले, मध्ये सपाट भातखाचरं आणि नदी. २०१४ मध्ये इथला कार्स्ट, म्हणजे चुनखडीच्या डोंगरांचा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतला गेला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होतं आणि लाखो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं, जे उरतं ते हे सुळके आणि जे आतून विरघळतं त्या गुहा. म्हणजे इथली प्रत्येक बघायची गोष्ट पाण्याने केलेली आहे, मग प्लॅनही पाण्याला विचारूनच करावा लागतो.

आमची अडचण अशी की लेकीची शाळा, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी सोडून पर्याय नव्हता. आम्ही दोघं, लेक आणि माझे आई-बाबा, बाबांनी सत्तरी ओलांडलेली आणि आईचे गुडघे दुखरे. हिवाळ्यात म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदीत पाणी खूप कमी होतं, बोटींचा मार्ग कधीकधी तोकडा करतात. एप्रिल ते जुलै पावसाचे महिने. त्यात जून सगळ्यात बेभरवशाचा, २०२४ च्या जूनमध्ये गुईलिनला १९९८ नंतरचा सगळ्यात मोठा पूर आला होता आणि रेल्वे स्टेशनातसुद्धा पाणी शिरलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांची कामगार दिनाची सुट्टी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची, या दोन्ही वेळी अख्खा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो आणि तिकिटंही मिळत नाहीत, ते दिवस सरळ कटाप. मग उरला मेचा दुसरा पंधरवडा आणि तो आमच्या पथ्यावर पडला, कारण गुईलिनच्या उत्तरेच्या लोंगजी डोंगरातल्या भाताच्या पायऱ्यांमध्ये, म्हणजे उतारावरच्या खाचरांत, लावणीआधी पाणी सोडतात ते नेमकं तेव्हाच, साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. नदी भरलेली, खाचरं भरलेली, पाऊस येणार हे गृहीत धरून छत्र्या घ्यायच्या.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांना मी नदीचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, अगं हिवाळ्यात पाणी इतकं उतरतं तर तेव्हा बोटी चालतात कशा, वरून कुठून तरी सोडत असणार. आणि खरंच, वरच्या अंगाला छिंगशीतान नावाचं धरण आहे, त्यातून कोरड्या दिवसांत ली नदीला पाणी सोडतात. ते कळलं आणि बाबा या ट्रिपमध्ये आले, तोपर्यंत ते फक्त आमच्याबरोबर येणार होते. दोन दिवसांनी त्यांनी मला लिंगछू कालव्याचं सांगितलं. गुईलिनच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर शिंगआन नावाचा तालुका आहे, तिथे इ.स.पू. २१४ मध्ये छिन सम्राटाच्या काळात खणलेला कालवा आजही वाहतोय. कुठल्याही पॅकेजमध्ये हे ठिकाण नव्हतं. एका टूर कंपनीने आम्हाला जो प्लॅन पाठवला होता त्यात लोंगजी एका दिवसात जाऊन येऊन, नदी अर्धा दिवस आणि मध्ये रेशमाचं दुकान, मोत्याचं दुकान, चहाचं दुकान. बाबांनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि नकाशा मागितला.

त्या नकाशावरून आमचा क्रम ठरला आणि तो मला आजही बरोबर वाटतो. नदी ज्या दिशेने जाते त्या दिशेने जायचं. गुईलिनला उतरायचं, तिथून उत्तरेला लोंगजीचे डोंगर करून परत यायचं, मग लिंगछू, मग बोटीने खाली यांगशुओ आणि परतीची ट्रेन यांगशुओहूनच पकडायची, पुन्हा गुईलिनला यायचंच नाही. पर्यटकांच्या मोठ्या बोटी तशाही गुईलिनकडून यांगशुओकडे एकाच दिशेने नेतात, परत येताना त्या रिकाम्या येतात, त्यामुळे यांगशुओत आधी राहून बोटीने गुईलिनला येऊ असं ज्यांच्या डोक्यात असतं त्यांचा प्लॅन तिथेच मोडतो. शिवाय यांगशुओ छोटं आहे, मोकळं आहे, थकलेल्या माणसांनी ट्रिपचे शेवटचे दिवस तिथे काढावेत, शहराची धावपळ आधी उरकून घ्यावी.

आता कागदपत्रं. चीनचा २४० तासांचा बिनाव्हिसा ट्रान्झिट म्हणून जे सगळीकडे दाखवतात ते भारतीय पासपोर्टला लागू नाही, आपल्याला रीतसर टूरिस्ट व्हिसा लागतो, एल प्रकारचा. फॉर्म लांबलचक आहे, नोकरीचा तपशील, आधी कुठे कुठे गेलात, आई-वडिलांची माहिती, सगळं. आई-बाबांचा फॉर्म मी भरला त्याला एक अख्खा रविवार गेला, बाबांच्या नोकरीच्या तारखा त्यांनी जुन्या सर्व्हिस बुकच्या झेरॉक्समधून काढून दिल्या. जाण्यायेण्याची तिकिटं, रोजचा कार्यक्रम आणि हॉटेलची बुकिंग जोडायची असते, म्हणून हॉटेलं फुकटात कॅन्सल होणारीच घ्या. आणि त्या कार्यक्रमाच्या कागदावर मोघम लिहू नका, कुठल्या तारखेला कुठल्या गावात, मुक्काम कुठे, हे सरळ लिहा. तो कागद नंतर आम्हालाच सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

मार्ग आम्ही हाँगकाँगवरून घेतला. भारत-चीन थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली, कोलकाता-ग्वांगझौ आणि मग दिल्ली-ग्वांगझौ, ग्वांगझौहून गुईलिन हायस्पीड ट्रेनने अडीच-तीन तास, तोही चांगला रस्ता आहे. पण आम्हाला मुंबईहून निघायचं होतं आणि लेकीला हाँगकाँगची ट्राम बघायची होती. हाँगकाँगसाठी भारतीयांना व्हिसा नाही पण आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, फुकट आहे, प्रत्येक माणसाचं वेगळं, लहान मुलांचंसुद्धा, आणि ती स्लिप पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून सही करून जवळ ठेवायची, एका वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. तिथल्या वेस्ट काउलून स्टेशनवरून गुईलिनकडे थेट गाड्या आहेत, मोजक्याच आहेत, साधारण साडेतीन तासांचा प्रवास. गंमत म्हणजे चीनचं इमिग्रेशन त्या स्टेशनच्या आतच होतं, त्यामुळे गाडीत बसल्यावर कुठे उतरायचं नाही, पण स्टेशनवर दीड तास तरी आधी पोचा, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नक्कीच. हाँगकाँगमधून एकदाच आत आणि एकदाच बाहेर, त्यामुळे चीनचा सिंगल एंट्री व्हिसा पुरला.

ट्रेनची तिकिटं साधारण १५ दिवस आधी उघडतात आणि पासपोर्ट नंबरवर निघतात, कागदी तिकीट नसतंच, गेटवर पासपोर्ट दाखवायचा. नंबर टाकताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर गेटवर अडकाल म्हणून मी नंबर टाकायचे आणि नवरा पासपोर्ट हातात धरून मोठ्याने वाचायचा, असं पाचही जणांचं केलं.

पैशांचं म्हणाल तर अलीपे आणि वीचॅट पे या तिथल्या पेमेंट ॲप्सना आता परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, निघायच्या आधी घरीच जोडून पासपोर्टने ओळख पटवून घ्या. एका वेळी २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला जादा चार्ज नाही, त्यावर ३ टक्के लागतात. कोपऱ्यावरची मक्याची कणसं विकणारी बाईसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. तरी आम्ही थोडी रोकड ठेवली, बाबांना खिशात नोटा असल्याशिवाय चैन पडत नाही, आणि २० युआनची नोट तर लागणारच होती, त्याचं पुढे सांगते. गूगल मॅप्स तिथे कामाचं नाही, त्यांचं अमॅप घ्या, इंग्रजीत चालतं. भारतातलं किंवा ट्रॅव्हल ई-सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर व्हॉट्सॅप चालू राहतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, हे आधी माहीत असलं तर घरच्यांना काळजी लागत नाही.

जेवण हा आमच्याकडे सगळ्यात मोठा विषय, कारण आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. गुईलिनचा नाश्ता म्हणजे मीफेन, तांदळाच्या गोल पांढऱ्या शेवया, त्यावर मसाल्यांचा मुरलेला रस, वर तळलेले शेंगदाणे, आंबवलेली चवळीची शेंग, मिरची, आम्ही बाकीचे रोज सकाळी तेच खात होतो आणि परत आल्यापासून लेक तेच मागतेय. पण तो रस हाडांचा-मांसाचा असतो, नुसत्या भाज्या घालून द्या म्हणून भागत नाही. मी चिनी भाषेत एक कार्ड छापून नेलं होतं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, डुकराची चरबी नाही, हाडांचं पाणी नाही, फक्त भाजीचं तेल. हे शेवटचं लिहायलाच हवं, नाहीतर पालेभाजी चरबीत परतून येते. कार्ड वाचून बहुतेक ठिकाणी बायका आत घेऊन जायच्या आणि भाज्या दाखवून विचारायच्या, ही का ही. टोफू, वांगं, भोपळ्याचे वेल, कोवळे बांबू, आणि लिपू गावचा अळूचा कंद, हा त्या भागात फार नावाजलेला आहे, आतून जांभळट रेघा असतात, नुसता उकडलेला मीठ लावून आईने दोन वेळा मागून खाल्ला. प्रत्येक हॉटेलच्या खोलीत पाण्याची केटल असतेच, त्यामुळे इन्स्टंट उपमा, पोहे, मेतकूट, भाजणीचा चिवडा यावर रात्रीचं भागलं. यांगशुओचा बिअर फिश, म्हणजे बिअरमध्ये शिजवलेला मासा, बाकीच्यांनी खाल्ला, बरा होता, लोक म्हणतात तेवढा काही विशेष नाही.

गुईलिन शहर आम्ही भरभर केलं. हत्तीच्या सोंडेसारखा पाण्यात उतरलेला डोंगर, रात्री तळ्यातले दोन पॅगोडे, एक तांब्याचा सोनेरी दिसणारा आणि एक चंदेरी, काठाकाठाने फिरायला छान. रीड फ्लूट गुहा मी मुद्दाम कुठल्याच दिवसाला बांधली नव्हती, ज्या दिवशी जोराचा पाऊस असेल त्या दिवशी गुहा असं ठरलं होतं, आणि तो दिवस आलाच. आत रंगीत लाइट जरा जास्तच आहेत पण भिंतींवर थांग काळातल्या, आठव्या शतकातल्या शाईच्या अक्षरांच्या खुणा आहेत, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही लोक इथे बघायलाच येत होते. मेमध्ये जाणाऱ्यांना माझं हेच सांगणं, एक-दोन गोष्टी छपराखालच्या ठेवा आणि त्यांना तारीख देऊ नका.

लोंगजीला राहायलाच हवं, यावर मी कुणाशीही वाद घालेन. गुईलिनहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, एका दिवसात जाऊन येणारे भर दुपारी पोचतात जेव्हा उजेड सगळ्यात कडक असतो आणि गर्दी सगळ्यात जास्त. तिथे मुख्य दोन भाग, पिंगआन हे च्वांग लोकांचं गाव आणि दाझाई हे याओ लोकांचं, या तिथल्या दोन स्थानिक जमाती. पिंगआनला चढायच्या पायऱ्या बऱ्याच, दाझाईला वरच्या टोकापर्यंत केबल कार आहे, आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही दाझाई घेतलं. मोठ्या बॅगा गुईलिनच्या हॉटेलात ठेवून एकेक छोटी पाठपिशवी घेतली, तरीही गावाच्या फाटकापासून हॉटेलपर्यंत चढ आहेच, तिथे याओ बायका पाठीवरच्या टोपलीत सामान घेऊन चढतात, आधी भाव ठरवायचा. आमची बॅग घेतलेली बाई आईपेक्षा मोठी असावी, आईला ते काही बघवेना, तिने स्वतःची पिशवी स्वतःच घेतली आणि वर पोचल्यावर त्या बाईला बसवून शंकरपाळे दिले, मग दोघी बराच वेळ एकमेकींचे दागिने बघत बसल्या होत्या.

या भाताच्या पायऱ्यांची सुरुवात युआन राजवटीत (तेरावं-चौदावं शतक) झाली आणि छिंग काळाच्या सुरुवातीपर्यंत (सतरावं शतक) काम चालू होतं असं मानतात. वर डोंगराच्या डोक्यावर जंगल राखलेलं आहे, त्यातून झिरपलेलं पाणी बांबूच्या पन्हाळ्यांतून आणि छोट्या चरांतून सगळ्यात वरच्या खाचरात येतं आणि मग एकातून दुसऱ्यात उतरत खाली जातं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने (एफएओ) दक्षिण चीनमधल्या अशा पायऱ्यांच्या शेतीला वारशाचा दर्जा दिला त्यात लोंगजी आहे. पहाटे धुकं होतं, काहीच दिसलं नाही, आठच्या सुमाराला एकदम उघडलं आणि खालपर्यंत सगळी खाचरं पाण्याने चकाकत होती. मुक्काम नसता तर आम्हाला हे दिसलंच नसतं, एवढ्यासाठी राहा.

आणि लिंगछू. गुईलिनहून शिंगआनला ट्रेनने पटकन पोचता येतं, पुढे टॅक्सी. इथे गर्दी जवळजवळ नव्हती, शाळेची एक सहल आणि पत्ते खेळणारे गावातले म्हातारे. शियांग नदी उत्तरेला जाऊन यांगत्सेला मिळते, ली नदी दक्षिणेला पर्ल नदीकडे जाते, आणि शिंगआनपाशी या दोन खोऱ्यांमधलं अंतर फार थोडं आहे. दक्षिणेत लढणाऱ्या सैन्याला धान्य पोचवायला सम्राटाने हा कालवा काढायला लावला, साधारण ३६ किलोमीटरचा, आणि यांगत्सेच्या खोऱ्यातली बोट पर्लच्या खोऱ्यात यायला लागली. नदीच्या मध्यात नांगराच्या फाळासारखा दगडी बांध आहे, तो पाणी फोडतो, मागे दोन तिरके बंधारे आहेत, त्यांना मोठा तराजू आणि छोटा तराजू म्हणतात, सात भाग पाणी शियांगकडे आणि तीन भाग लीकडे अशी वाटणी. पूर आला की जादाचं पाणी बंधाऱ्यावरून सांडून जुन्या पात्रात जातं, कालव्याला धक्का नाही. बंधाऱ्याचे दगड माशाच्या खवल्यांसारखे उभे रोवलेत, फटींत गाळ जाऊन बसतो आणि ते अजून घट्ट होतात. बाबा त्या दगडांवर उकिडवे बसून बघत होते, म्हणाले आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवर फडाचे बंधारे आहेत ना, तोच विचार, नदीला अडवायचं नाही, नुसतं वळवायचं. मग नातीला घेऊन गेले आणि तिला पानं सोडायला लावली, कुठलं पान कुठे जातंय बघ. तिची दोन पानं लीकडे गेली, बाकी सगळी शियांगकडे. आम्ही तिथे दोन-अडीच तास धरले होते, संध्याकाळची ट्रेन बदलून घ्यावी लागली.

बोटीचा दिवस. बोटीचं तिकीटही पासपोर्टवर आधी बुक करावं लागतं, धक्का शहराबाहेर आहे, गाडीने तासभर धरा, बोट सकाळी सुटते आणि चार-साडेचार तासांत यांगशुओला लावते. वरच्या दर्जाच्या बोटीत जेवण धरलेलं असतं, आईसाठी आम्ही डबाच नेला होता. पहिला तासभर खाली बसलात तरी चालेल पण यांगदी गाव आलं की डेकवर जा आणि शिंगपिंगपर्यंत हलू नका, सगळ्यात सुंदर भाग तोच. नऊ घोड्यांचा कडा म्हणून एक प्रचंड भिंत येते, तिच्यावरच्या डागांमध्ये नऊ घोडे शोधायचे असतात, लेकीला सात सापडले. शिंगपिंगच्या जरा आधी ती जागा येते जी २० युआनच्या नोटेच्या मागे छापली आहे, त्या क्षणी डेकवरचा प्रत्येक माणूस खिशातून नोट काढतो, बाबांनीही काढली, रिमझिम पाऊस चालू होता आणि डोंगर अर्धे ढगात, पण रेषा तंतोतंत जुळत होत्या. ज्यांना बोट नको त्यांनी यांगदी-शिंगपिंग याच भागात तराफ्याने फिरलं तरी चालेल, ते तराफे आता प्लास्टिकच्या पाइपचे आणि मोटरवाले आहेत, पाण्याच्या जवळ बसता येतं पण आवाज खूप.

खरा बांबूचा तराफा हवा तर यांगशुओजवळची युलोंग नदी. एका तराफ्यावर दोन माणसं आणि मागे बांबूने ढकलणारा नावाडी, मोटर नाही. वाटेत छोटे छोटे बंधारे आहेत, तराफा त्यावरून खाली घसरतो आणि पाय भिजतात. टप्प्यानुसार बंधारे कमी-जास्त आहेत आणि वयाच्या अटीही आहेत, ज्येष्ठ आणि लहान मुलं बरोबर असतील तर बुक करायच्या आधी हॉटेलवाल्याकडून नीट विचारून घ्या. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे आमच्या दिवशी तराफे बंद होते, नदीचं पाणी वाढलं की सगळ्यात आधी हेच बंद करतात, पैसे आपोआप परत आले. यांगशुओत एक दिवस मोकळा ठेवलेला होता तो इथे वापरला, बंदच्या दिवशी ई-बाइक आणि टॅक्सी करून १४१२ सालच्या दगडी युलोंग पुलापर्यंत गेलो आणि तराफा दुसऱ्या दिवशी केला. यांगशुओत मोकळा दिवस ठेवायचा तो शेवटून दुसरा ठेवा, शेवटचा नको, नाहीतर ट्रेनच्या वेळेशी झटापट होते.

ट्रेनवरून आठवलं, यांगशुओ नावाचं रेल्वे स्टेशन यांगशुओ गावात नाहीये, ते शिंगपिंगला आहे, गावापासून बसने तासभर. हॉटेलवाल्यांना गाडी सांगितली तर ते करून देतात.

बाबांच्या खात्यातले जुने सहकारी आता ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणतायत आणि आमचा प्लॅन मागतायत. त्यांना मी तारखा पुढे ढकलायला सांगितल्या, चीनची राष्ट्रीय सुट्टी संपल्यावर लगेच पोचा, तेव्हा पाऊस कमी असतो, लोंगजीचा भात पिकून पिवळा झालेला असतो, कापणी व्हायच्या आत गाठा म्हणजे मिळेल, आणि गुईलिनच्या रस्त्यांवर ओस्मँथसची, म्हणजे सुगंधी फुलांची झाडं फुललेली असतात. नदीत पाणी मेपेक्षा कमी असेल पण बोटी चालतात. बाबांनी स्वतः त्या कागदावर एकच बदल केला, लिंगछूपुढे दोन-अडीच तास लिहिलं होतं ते खोडून पूर्ण दिवस असं लिहिलं आणि खाली फाळासारख्या बांधाचं एक स्केच काढून दिलं.